मर लागलेल्या बागांकडे

वळसंग

निघायच्या आदल्या दिवशी वळसंगच्या शेतात जाऊन उरलेली डाळिंबं पाहून आलो. उरलेली म्हणजे उभी असलेली. त्यातली जिवंत किती, हे बाहेरून कळत नाही. मर रोगाची हीच तऱ्हा आहे. बुरशी मातीतून मुळात शिरते, मुळातून खोडात चढते आणि पाणी वर नेणाऱ्या वाटा आतून बुजवत जाते. बुडाशी ओल असते आणि झाड तहानेनं मरत असतं. बाहेर आधी एखादीच फांदी पिवळी पडते. मग दुसरी. मग एका आठवड्यात सगळं झाड वाळतं आणि फळं न गळता तशीच लटकून राहतात.

मी सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवतो. परदेशात ओक नावाची मोठाली झाडं आहेत, तीही अशाच एका बुरशीनं उभ्या उभ्या वाळतात, शेजारच्या झाडांची मुळं एकमेकांना जोडलेली असली की रोग एकातून दुसऱ्यात जातो, हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं आहे. ओक मी कधी पाहिलेला नाही. स्वतःच्या बांधावरचं डाळिंब मात्र वरचेवर पाहत होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सगळ्यात जुन्या झाडाच्या मी गुट्या बांधल्या. म्हणजे फांदीची साल गोल सोलून तिथं ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून पिशवीत लावायची. ते झाड आईनं लावलेलं. रोपं तयार झाली तेव्हा आई नव्हती. काही रोपं मी वैरागच्या मित्राला दिली, काही जेऊरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला. आमच्या घरात लेकीच्या घरी रोप गेलं की त्याच्यासोबत मूळ झाडाच्या बुडाची माती जाते. आई तसं करायची. नव्या जागी रोप रुसत नाही, म्हणायची. म्हणून पिशव्या मी त्याच झाडाखालच्या मातीनं भरल्या, वर अक्कासाठी एक पोतं वेगळं भरून दिलं.

त्या झाडाची एक फांदी तेव्हा पिवळी होती. मला ती दिसली होती.

बाग ताणावर होती, म्हणजे बहार धरण्याआधी पाणी तोडलं होतं. ताणावर सगळीच पानं पिवळी होऊन गळतात, ती तशी गळावीत म्हणूनच ताण देतात. तेव्हा ही फांदीही ताणानंच पिवळी झाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बाकीची झाडं अजून हिरवी होती आणि ही एकच फांदी पिवळी होती, हेही मला दिसत होतं. पण रोपं तयार होती, अक्काला शब्द दिला होता, आणि दाजी टेम्पो घेऊन दारात उभे होते.

या दिवाळीनंतर आमची बाग बसली. आईचं झाड पहिलं गेलं. खोड कापलं तर आत मधोमध चांदणीसारखा काळपट डाग. कृषी खात्याच्या साहेबांनी तो पाहिला आणि विचारलं, "इथली माती, रोपं, अवजारं कुठं बाहेर गेली आहेत का?"

म्हणून हा प्रवास. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर सांगितलं की लोक ऐकून घेतात आणि झाड ठेवतात.

वैराग

जानेवारीत सोलापूर-बार्शी रस्त्यावर एसटीचं काही चालत नाही. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं उसाच्या ट्रॉल्या, आणि मधे आपण. बार्शीकडची जमीन काळी, खोल. ज्वारी छातीएवढी उभी होती आणि कणसं दुधात आली होती. आमच्याकडं वळसंगला माळ जास्त, काळी रानं तुकड्यातुकड्यानं. इकडचं पीक बघितलं की वळसंगच्या माणसाला जरा कमीपणा येतो.

विसू माझा डीएडचा सोबती. नोकरी सोडून तो वडिलांची शेती करायला वैरागला परत आला त्याला बरीच वर्षं झाली. स्टँडवर घ्यायला आला तो मोटारसायकल बंद न करताच म्हणाला, "चल बस. तोंड पाडून आलायस म्हणजे कायतरी वाईट हाय. आधी हुरडा खाऊ, मग सांग."

हुरडा खाताना त्यानं मला बोलूच दिलं नाही. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजत होती, त्याचे वडील हातावर चोळून दाणे काढून देत होते. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात भज्जी-आंबील होते, पांडवांची पूजा होते, आणि परक्या माणसालाही हाताला धरून बसवतात. वैरागला हुरड्याला तसंच बसवतात. मला घास जात नव्हता. म्हातारा म्हणाला, "मास्तरास्नी शहराचं पाणी बाधलंय."

मग विसू मला बागेत घेऊन गेला. त्याची बाग ताणावर नव्हती. त्यानं मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडचा, धरला होता आणि फळं काढून झाली होती. हिरव्या बागेत मी दिलेली रोपं लांबूनच ओळखू आली. तीन वाळली होती, आणि त्यांच्या पलीकडच्या जुन्या ओळीतल्या दोन झाडांच्या शेंड्यांना पिवळी झाक होती.

"ह्याला मी सूत्रकृमी समजलो," विसू म्हणाला. "औषध सोडलं. मग पाणी वाढवलं."

मी खिशातला चाकू काढून एका वाळलेल्या रोपाची साल बुडाशी खरवडली. पिशवीतल्या खुरप्यानं माती उकरून मूळ उघडं केलं. डाग मुळापर्यंत होता. पाणी वाढवल्यानं तो किती पुढं गेला असेल, याचा अंदाज दोघांनाही आला.

मी त्याला सगळं सांगितलं. पिवळ्या फांदीचंही.

तो वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला. मग म्हणाला, "रोपं दिलीस तवा माझ्याकडनं पेढं खाल्लंस की रं."

"खाल्ले."

"आता काय खातोस?"

तो हसला नाही. उठून त्यानं गड्याला हाक मारली आणि पाण्याचा कॉक बंद करायला सांगितला. संध्याकाळपर्यंत आम्ही वाळलेली झाडं मुळासकट काढून तिथंच, त्याच खड्ड्यात जाळली. ओढत बांधावर नेली असती तर वाटेवर माती सांडली असती. पिवळी झाक आलेल्या दोन झाडांपाशी विसू थांबला. ती त्यानं काढली नाहीत. "ह्यास्नी औषध देऊन बघतो," म्हणाला. मी आग्रह केला. तो म्हणाला, "तुझं ऐकून एकदा तुझी रोपं लावली. आता उपटायचं तरी माझ्या मनानं उपटू दे."

सकाळी निघताना त्याच्या आईनं शेंगाचटणीची पुडी हातात ठेवली. विसू स्टँडपर्यंत आला, एसटी सुटेपर्यंत थांबला.

कुर्डूवाडी

बार्शीहून कुर्डूवाडीला दुसरी एसटी, आणि कुर्डूवाडीहून जेऊरला रेल्वे. गाडीला वेळ होता. फलाटावर बाकावर बसून पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला खुरपं लागलं. वैरागला मुळं उकरलेलं तेच, पात्याला माती तशीच. ती मी कापडात गुंडाळून जेऊरला नेत होतो.

मी रोग सांगायला निघालो होतो आणि पिशवीत तोच घेऊन चाललो होतो. चपलांचे तळ पाहिले. तिथंही वैरागची काळी माती चिकटून वाळली होती.

नळावर खुरपं आणि खिशातला चाकू घासून धुतला, चपला धुतल्या. एक हमाल शेजारी तोंड धूत होता. त्यानं विचारलं, "काय मामा, चपला नव्या दिसाय पाहिजेत काय? बायकू बघाय चाललाय?" मी म्हटलं, बहिणीकडं चाललोय. "मग तर धुवाच की," म्हणाला. पाणी फलाटावरून रुळांच्या खडीत गेलं. तिथं झाडं नव्हती. खुरपं मी पुन्हा पिशवीत घातलं नाही. स्टेशनबाहेरच्या लोहाराला दिलं आणि भट्टीत लाल करून ठेवायला सांगितलं. त्यानं विचारलं, "न्यायला कधी येणार?" मी म्हटलं, तुम्हीच वापरा. त्यानं माझ्याकडं जरा संशयानंच पाहिलं.

जेऊर

जेऊरला उतरलो की हवा बदलते. उजनीचं पाणी जवळ असल्यामुळं वाऱ्याला ओल असते, आणि दुष्काळी करमाळ्यात ऊस आणि केळी दिसतात. दाजी स्टेशनवर आले होते. दाजी कमी बोलतात, आणि बोलतात ते बहुतेक शेताबद्दल.

"बरं झालं आलात मास्तर. उद्या पाणी सोडतोय. आंब्या बहार धरतोय अवंदा. ताण असला बसलाय की पान न्हाय झाडावर."

घरी अक्कानं हुलग्याचं माडगं करून ठेवलं होतं. आमच्याकडं माडगं पातळ, ताटलीत घेऊन ओठ लावून प्यायचं. जेऊरला ते घट्ट करतात आणि भाकरी बुडवून खातात. अक्का मात्र इतकी वर्षं तिथं राहूनही माझ्यासाठी पातळच करते. "बस की," ती म्हणाली. "उभ्यानं काय बघतोस?"

"अक्का, आधी बाग बघू या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आई गेल्यावर आमच्या घरात माझ्या तोंडाकडं पाहून काय झालंय ते ओळखणारी ती एकटीच उरली आहे. तिनं माडग्यावर ताट झाकलं.

दाजींची बाग उतारावर आहे. उताराच्या माथ्याला पाट येतो आणि तिथून पाणी सरीसरीनं खाली जातं. एरवी ठिबक, पण ताण तोडायचं पहिलं पाणी दाजी मोकळं सोडतात. माझी रोपं त्यांनी बरोबर माथ्याला लावली होती, पाटाच्या तोंडाशी. बायकोच्या माहेरची झाडं मानाच्या जागी, म्हणून. उद्या सुटणारं पाणी आधी त्या झाडांच्या बुडातून जाणार होतं आणि मग सगळ्या बागेत.

सगळी बाग काटक्यांसारखी उभी होती. एकाही झाडाला पान नाही. आजारी कोणतं आणि ताणावरचं कोणतं, हे देवालाही ओळखता आलं नसतं.

मी सांगायला सुरुवात केली. दाजी मधेच म्हणाले, "वळसंगला आलं म्हणून हितं कशाला यील? ताण हाय हो."

"एक फांदी कापून बघू."

"काप," अक्का म्हणाली. तिचा आवाज मला आवडला नाही.

पहिल्या झाडाची फांदी कापली. लाकूड पांढरं, स्वच्छ. दाजी हसले. माझ्याही छातीवरचा भार क्षणभर उतरला. दुसऱ्या झाडाचीही तशीच. मग मी खाली बसून त्याच दुसऱ्या झाडाची साल अगदी मातीलगत खरवडली. करड्या रंगाची एक रेघ होती, बोटभर रुंद. वर चढायला तिला अजून थोडा वेळ हवा होता. चौथ्या झाडालाही तशीच रेघ. पलीकडं दाजींच्या जुन्या ओळीतलं सगळ्यात जवळचं झाड खरवडायला मला धीर होईना. दाजींनी माझ्या हातातून चाकू घेतला आणि स्वतःच खरवडलं. रेघ होती, बारीक.

ते उठले, हात झटकले आणि घराकडं निघाले.

"कुठं चाललाय?" अक्कानं विचारलं.

"कुदळ आणाय."

आम्ही दोघंच उरलो. अक्का त्या रेघेकडं पाहत होती. या झाडांभोवती तिनं आईच्या झाडाखालची ती पोतंभर माती घातली होती. घरापुढच्या तुळशीलाही घातली होती, हे तिनं तेव्हाच सांगितलं.

"आईच्या झाडालाच हुतं व्हय हे?"

"हो."

"तवापास्नं?"

"हो."

"तुला दिसलं हुतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. दोन वर्षांपूर्वीची एक फांदी कोण तपासणार होतं? मी म्हटलं, "एक फांदी पिवळी होती. दिसली होती."

मला वाटलं आता अक्का बोलेल, शिव्या देईल, रडेल. मी त्याचीच वाट पाहत होतो, हे आता कळतं. तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "ह्यांना सांगू नगंस."

"अक्का, त्यांना कळायला हवं. त्यांची बाग आहे."

"रोग हाय एवढं कळलं की. बास. तुला दिसलं हुतं हे नगं सांगूस. माझ्या माहेरानं जाणूनबुजून दिलं, असं ह्या घरात न्हाय झालं पाहिजे. तुला बरं वाटावं म्हणून मी आयुष्यभर ऐकून घिऊ व्हय?"

वैरागला मी विसूला सगळं सांगून मोकळा झालो होतो. मोकळं व्हायची मला सवयच आहे. ते ओझं मी कुणाच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो, हे मला कुणी असं तोंडावर विचारलं नव्हतं.

दाजी कुदळ, टिकाव, फावडं घेऊन आले. अक्कानं टिकाव उचलला आणि तिच्या झाडांकडं निघाली, तर दाजी म्हणाले, "थांब. आधी माझी." आणि त्यांनी जुन्या ओळीतल्या झाडाच्या बुडाशी पहिला घाव घातला. आठ वर्षांचं झाड. त्याच्या दोन्ही बाजूची दोन झाडं वरून चांगली दिसत होती, तीही त्यांनी काढली. मग अक्कानं तिची काढली, एक सोडून सगळी. ते शेवटचं मी काढलं. तिनं ते माझ्यासाठी ठेवलं होतं की तिच्यानं होत नव्हतं, हे मी विचारलं नाही.

जाळ केला तेव्हा दाजी म्हणाले, "पाटाचं तोंड खालनं फोडू. वरचा पट्टा कोरडाच राहू दे." दुसऱ्या दिवशी सकाळभर आम्ही नवा पाट काढला, जळालेल्या जागेला मोठा वळसा घालून, मधे खोल चर मारून. दुपारी पाणी सुटलं. बाग उतारानं भिजत गेली. त्या पाण्यात काय गेलं आणि काय नाही, हे पावसाळ्यापर्यंत कळणार नाही. औषध ओतलं आहे, कुदळीसुद्धा जाळात धरल्या आहेत. अक्कानं तुळशीचं वृंदावन रिकामं केलं आणि रोप उपटून जाळात टाकलं. दुसरी तुळस लावली नाही.

दाजी स्टेशनवर सोडायला आले. गाडीचा पत्ता नव्हता. फलाटाच्या टोकाला उभे राहून ते रुळांकडं पाहत म्हणाले, "मास्तर, ती फांदी मला पण दिसली हुती."

मला आधी समजलंच नाही.

"झाडं भराय मी आलो हुतो की. टेम्पोत पिशव्या ठिवताना वर बघितलं. एकच फांदी पिवळी. मला डाळिंबातलं कळतं तुमच्यापरास जास्त. मला कळलं हुतं कायतरी हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"सासू गेलेली. बायकूचं माहेर झाड देतंय. आन मी जावई मानूस, सासुरवाडीच्या झाडाला नाव ठिवू व्हय?" जरा थांबून म्हणाले, "मान म्हणून नेऊन माथ्याला लावली. कोपऱ्यात लावली असती तर निभलं असतं. तिला सांगू नका. तिला वाटतंय आमाला काय म्हाईत न्हाय."

त्यांना नक्की काय काय माहीत आहे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गाडी आली. तिला दिलेला शब्द आणि यांना दिलेला शब्द, दोन्ही घेऊन मी खिडकीशी बसलो. केम स्टेशनापर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही.

सोलापूर

हे लिहायचं ठरवलं तेव्हा आधी अक्काला फोन केला. वैरागला पिवळी झाक असलेल्या दोनपैकी एक झाड गेल्याचं विसूनं कळवलं होतं, ते तिला सांगितलं. मग म्हटलं, अशी रोपं आणखी कुणाकुणाच्या घरी गेली असतील, लोकांना कळावं म्हणून लिहितोय, पण मग सगळंच लिहावं लागेल.

"लिव्ह की."

"दाजी वाचतील."

"त्यांनी सांगितलं मला. तू गेलास त्या दिशी. जेवताना त्यांचा हात थांबला तवा मीच इचारलं. मग मी पण तुझं सांगितलं त्यांना." पलीकडं भांड्याचा आवाज झाला. "तिघांनी बघितलं म्हणायचं आन तिघं गप. मला पण शंका आली हुती रं. माती घालताना मुळी हाताला लागली, काळी. मी म्हटलं, आईच्या झाडाची हाय."

मी पेन उचललं.

"पण एक कर," ती म्हणाली. "पिवळी फांदी दिसली तर ताण हाय म्हणू नका, बुडाशी खरवडून बघा आन डाग दिसला की त्याच दिशी उपटा, कुणाचं का झाड असंना, हे सगळ्यात आधी लिव्ह. तुझं-माझं मागनं."

मी ते आधी लिहिलं नाही. वळसंगपासून सुरुवात केली, आईचं झाड, हुरडा, माडगं, सगळं सांगत बसलो, आणि तिचं म्हणणं इथं शेवटी आलं. याही वेळी उशीरच केला.